जा गो माय

पोटुशी चिंबोरी कतरीनमावशीने कधी विकली नाही. माणिकपूरला आमच्या इमारतीखाली ती टोपली घेऊन यायची. पहिल्याच भेटीत मी तिच्याकडे गाभोळीने भरलेली चिंबोरी मागितली. तिने मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "मास्तर, पोटुशीला कोन खातं?"

पुढे सुट्टीच्या सकाळी मी तिच्याबरोबर खाडीच्या तोंडाशी जाऊ लागलो. जाळ्यात अंड्यांची मादी आली की ती तिला दोन्ही हातांनी पाण्यात सोडायची. "जा गो माय, बालंत हो." बंदरावरच्या बायकांनी हे तिचंच पाहून उचललं होतं.

मग तो परका खेकडा आला. लहान, तपकिरी, कुठल्याशा जहाजाच्या बुडाला चिकटून आला म्हणत. बायकांनी त्याचं नाव पाडलं 'पावनी', म्हणजे पाहुणी. मावशी म्हणाली, "पावनी दोन दीस ऱ्हाते. ही तं चूल मांडून बसली."

हळूहळू खडकांवरच्या कालवांचे शिंपले फुटलेले, रिकामे दिसू लागले. चिंबोऱ्यांची पिल्लं दिसेनाशी झाली. मत्स्यखात्याच्या साहेबांनी येऊन सांगितलं, आधी पावनीच्या अंड्यांच्या माद्या पकडून मारा. जुन्या सवयीने बायका पावनीच्या पोटुश्यांनाही पाण्यातच सोडत होत्या. सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. तिने घातलेला नेम मोडायचा, तर तो तिनेच.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला तिने काठावर चूल पेटवून आधण ठेवलं. जाळ्यातली पावनीची पहिली मादी उचलली. तिच्या पोटाखाली अंड्यांचा केशरी गोळा होता. मावशी तिला बराच वेळ हातात धरून उभी राहिली. मला वाटलं, सोडणार.

"जा गो माय," ती म्हणाली. पुढचे शब्द तिने गिळले आणि मादी आधणात सोडली. स्वतःवर क्रुसाची खूण केली. मग जाळ्यात पुन्हा हात घातला. एकेक करत बायका आपापल्या टोपल्या घेऊन तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. स्वतःचा नेम इतक्या आदराने मोडताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही.

तो सगळा ढीग नंदाखाल गावच्या केळीच्या वाडीत खताला गेला. पावनी संपली नाही, पण कमी झाली. एका खडकावर नवी कालवं धरली, तेव्हा मावशीने मला ती लांबूनच दाखवली. हात लावू दिला नाही.

यंदा ती गेली. दफनभूमीत माती देताना तिची शेजारीण हळूच म्हणाली, "जा गो माय." पुढचं कुणीच बोललं नाही.

ओहोटी लागली होती. बायका तिथून सरळ खाडीवर गेल्या.