कूलरच्या पाण्याच्या दोन बादल्या

चंद्रभान पहिल्यांदा शामलाताईंच्या नजरेस पडला, तेव्हा तो काहीच करत नव्हता. मागच्या एप्रिलमधली सकाळ, साडेपाचची वेळ. शेजारच्या अश्विनची गाडी फाटकाबाहेर उभी होती आणि एक उंच, वाळका माणूस तिच्या बॉनेटवर तळहात ठेवून उभा होता. लेकराच्या अंगात ताप आहे का पाहावं, तसा.

शामलाताई सडा टाकत होत्या. तिथूनच त्यांनी दरडावलं, "कोण आहे गा? काय करून राहिला तिथं?"

"गाडी गरम आहे का ते पाहून राहिलो, ताई. भाऊ आत्ताच अमरावतीहून आले. गरम पत्र्यावर पाणी पडलं का डाग धरते."

तो पंधरा मिनिटं पायरीवर बसून राहिला. पुन्हा हात लावून पाहिला, आणि मगच कामाला लागला.

गाडी धुवायला इतका विचार लागतो हे शामलाताईंना ठाऊक नव्हतं. चंद्रभान आधी नुसतं पाणी ओतून धूळ वाहून जाऊ देई. कोरड्या धुळीवर फडकं फिरवणं म्हणजे पत्रा रेतीनं घासणं, असं त्याचं म्हणणं. मग टपापासून खाली साबण, एका वेळी एकच बाजू. ती धुऊन पुसून झाल्याशिवाय दुसरीला हात नाही, कारण नागपूरच्या मे महिन्यात साबण बघता बघता वाळतो. चाकं सगळ्यांत शेवटी, त्यांचं फडकं वेगळं. पुसायला मलमल. गांधीबागेतल्या एका ठोक कापडाच्या दुकानात त्यानं बावीस वर्षं ठाणं उलगडली आणि गुंडाळली होती. दुकान बंद झालं तेव्हा वय अठ्ठावन्न. गावी, खाप्याला, परत जाऊन करायचं काय, म्हणून इथं लेआउटमध्ये, या वसाहतीत, गाड्या धुवायला लागला. कापड कुठलं मऊ आणि कुठलं नुसतं मऊ दिसतं, हे त्याच्या बोटांना कळायचं.

एका बाबतीत तो हट्टी होता. पाणी नळाचंच हवं; बोअरचं खारं पाणी वाळलं की पांढरे डाग सोडतं, म्हणून ते चालणार नाही. अश्विनकडे बाहेर बोअरचाच नळ, म्हणून शामलाताईंच्या अंगणातून रोज दोन बादल्या ठरल्या. बदल्यात त्यांच्या यजमानांची, मनोहररावांची, स्कूटर तो न सांगता पुसून जाई.

"तुमच्या मिस्टरांची स्कूटर चकाकते, पण चालत नाही," तो एकदा म्हणाला.

"तशेच आहेत तेही," शामलाताई म्हणाल्या, आणि आतून मनोहरराव ओरडले, "मी ऐकून राहिलो वं!"

यंदा मेच्या तिसऱ्या आठवड्यात नळाला करंगळीएवढी धार येऊ लागली. त्याच दिवशी शामलाताईंनी कूलरची टाकी रिकामी केली. आठ दिवसांचं पाणी. दर उन्हाळ्यात त्या ते अंगणात शिंपडत. त्या दिवशी मनात आलं, पिण्याचं पाणी गाडीवर कशाला ओतायचं? गाडीला काय कळतंय? त्यांनी चंद्रभानच्या दोन्ही बादल्या कूलरच्या पाण्यानं भरून कट्ट्यावर ठेवल्या आणि त्याला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी अश्विनच्या बहिणीचा, रितिकाचा, साखरपुडा होता, नरखेडला. गाडी नवी, गडद निळी. चंद्रभाननं भरलेल्या बादल्या उचलल्या. दोन्ही बाजू धुऊन पुसून झाल्या, पुढची काच आणि बॉनेट धुऊन झालं, पुसायचं बाकी होतं, तेवढ्यात अश्विननं हाक मारली, "काका, या टोपल्या आत ठेवू लागा जरा." टोपल्या, साड्यांच्या पेट्या, मिठाईचे खोके. अर्धा तास गेला. तोवर ऊन बॉनेटवर आलं होतं.

आरडाओरडा ऐकून शामलाताई फाटकाशी आल्या. निळ्या पत्र्यावर पांढरी वर्तुळं उमटली होती. चुना शिंपडल्यासारखी.

"हे काय करून ठेवलं?" अश्विन ओरडला. "पाहुण्यांच्या दारात अशी गाडी नेऊ मी?"

चंद्रभान मलमलीनं एक डाग पुसत होता. "साध्या पाण्याचा डाग पुसल्यानं जाते. हा जाऊन नाही राहिला." त्यानं बादलीच्या तळाला बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं. मग शामलाताईंच्या घराकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"माझी चूक झाली, भाऊ. पाणी पाहून घ्यायले पाहिजे होतं."

"उद्यापासून येऊ नका," अश्विन म्हणाला.

शामलाताई फाटकावरूनच मागे फिरल्या. घरात येऊन त्यांनी कूलर पाहिला. वाळ्याच्या जाळीवर, पाणी उडून मागे राहिलेल्या क्षारांचा, पांढरा, खरखरीत थर बसला होता. दरवर्षी त्याच तर तो खरवडून काढत.

गल्लीतल्या लोकांना चंद्रभान अश्विनच्याच ओळखीनं मिळालेला. दोन दिवसांत आणखी तीन घरांनी त्याला नको म्हटलं. हातात दोन गाड्या राहिल्या. तो सायकलवरून शामलाताईंच्या दारावरून जाई, नमस्कार करी, थांबत नसे.

"काहून जेवत नाही वं?" तिसऱ्या दिवशी मनोहररावांनी विचारलं. शामलाताईंनी सांगितलं. मनोहरराव म्हणाले, "मले सांगून काय होते? मी काय त्याले कामावरून काढलं?"

त्या चप्पल घालून अश्विनकडे गेल्या. बसायला सांगितलं तरी बसल्या नाहीत.

"पाणी माझं होतं, अश्विन. कूलरचं. त्याले मी सांगितलं नाही, अन् तो बोलला नाही."

अश्विन आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. "काकू, मी त्याले लोकांसमोर बोललो."

"हो. मी होती तिथं."

दुसऱ्या दिवशी पहाटे चंद्रभान आला. अश्विननं घरी जाऊन बोलावलं होतं. व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून त्यानं मलमल भिजवली, एकेका डागावर थोडा वेळ टाकून ठेवली, हलक्या हातानं डाग पुसला आणि ती जागा लगेच नळाच्या पाण्यानं धुतली. बॉनेटवरचे डाग निघाले. काचेवरची दोन वर्तुळं राहिली ती राहिलीच.

काम झाल्यावर शामलाताई त्याच्यापाशी गेल्या. "तुम्ही तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

चंद्रभान फडकं पिळत म्हणाला, "घरात लग्नाचं काम, अन् तुमचं त्यांचं रोजचं येणंजाणं. मी तर बाहेरचा." थोडं थांबून म्हणाला, "पण ताई, राग आला होता मले. खोटं काहून बोलू?"

"यायलाच पाहिजे," शामलाताई म्हणाल्या.

बाकीच्या तीन घरी त्या स्वतः जाऊन आल्या. एका घरानं त्याला परत ठेवलं. दोघांनी तोवर दुसरा माणूस पाहिला होता, आणि त्या माणसाला काढा असं म्हणणं शामलाताईंना जमलं नाही.

चंद्रभानकडे आता चार गाड्या आहेत. सकाळी आठला तो मोकळा होतो, आणि त्यानंतर दुपारपर्यंत चौकातल्या ड्रायक्लीनरकडे साड्यांच्या घड्या घालतो.