पाणी कोणाचं ते आधी विचार

आधी माफी मागतो. आपल्या अंकात लिहिणारे बहुतेक जण या देशात वीस-तीस वर्षं राहिलेले असतात. मला इथे येऊन अजून दोन हिवाळेही झालेले नाहीत. मी राहतो त्या घरातली मीनलताई म्हणाली, "तुझी ती माशाची गोष्ट लिही, नवीन येणाऱ्यांना उपयोग होईल." होईल की नाही, मला खरंच माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे चार लोकांसमोर काही लिहायचं म्हटलं की आधी वाटतं, कोणीतरी उठून विचारेल, तुला परवानगी कोणी दिली? ही गोष्टही त्याच भीतीची आहे. यातला थोडा भाग माझ्या बाबांचा आहे. तो लिहू का, हे मी त्यांना विचारून घेतलं आहे.

नागपूरच्या विमानतळावर बाबा मला सोडायला आले होते. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, तलावाच्या काठावर. आम्ही धीवर. बाबा जाळं टाकतात, माय बाजारात मासे विकते. त्या दिवशी बाबांनी साबणाने तीनदा हात धुतले होते आणि तरीही ते हात खिशात ठेवत होते. दारावर एक जवान तिकिटं बघत होता. बाबा त्याच्या वीस पावलं अलीकडेच थांबले. मी म्हटलं, दारापर्यंत तरी चला. ते म्हणाले, "तू जाय. मी अथूनच पाह्यतो." मी तिथेच, टॅक्सी आणि ट्रॉल्यांच्या मधे, त्यांच्या पाया पडलो. आत गेल्यावर वळून पाहिलं, तर ते आणखी मागे, एका खांबाला लागून उभे होते. हात अर्धाच वर केलेला, जणू पूर्ण वर केला तर कोणी हटकेल.

बाबांना गणवेशाची भीती वाटते, आणि त्याला कारण आहे. मी चौथीत होतो तेव्हा आमच्या तलावातल्या मासेमारीचा ठेका बाहेरच्या एका ठेकेदाराकडे गेला. बाबा रोजच्यासारखे सकाळी पाण्यात उतरले. ठेकेदाराच्या राखणदारांनी त्यांना धरलं, जाळं जप्त केलं आणि दिवसभर पंचायतीसमोरच्या ओट्यावर बसवून ठेवलं. येणारा-जाणारा बघत होता. मी शाळेतून त्याच रस्त्याने घरी आलो आणि त्यांच्याकडे न बघता पुढे गेलो. माझी बहीण तेव्हा आठ दिवसांची होती. माय खाटेवरून उठून दारापर्यंत आली आणि भिंत धरून परत गेली. संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा एवढंच म्हणाले, ठेका बदलला हे मला कोणी सांगितलंच नाही. त्यानंतर आम्हा भावंडांना त्यांचं एकच सांगणं असे: "पान्यात हात घालाच्या पयले पानी कोनाचं हाये, ते इचार." विमानतळावरही ते शेवटचं हेच म्हणाले.

बर्मिंगहॅममध्ये मी काकांच्या घरातल्या बॉक्सरूममध्ये, म्हणजे एका खाटेपुरत्या खोलीत, राहतो. ते माझे नात्याने कोणी नाहीत. माझ्या कॉलेजातल्या सरांची आणि त्यांची जुनी ओळख. काका मूळचे नागपूरचे, इथे आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. समोरच्या खोलीत बुद्धमूर्ती आहे, रोज सकाळी वंदना होते. आणि रविवारी काका आणि त्यांची मुलगी मीनलताई मासे धरायला कॅनॉलवर जातात. ताई इथेच जन्मलेली, रेल्वेत इंजिनिअर. लहानपणापासून तिचे आणि काकांचे रविवार असेच गेले आहेत. पूर्वी काकूही फ्लास्क घेऊन जायच्या.

पहिल्या रविवारी मला वाटलं, हे काम तरी मला येतं. पण तिथे जाळं नव्हतं. करंगळीएवढ्या जाडीचा रॉड, केसासारखी लाईन, तिच्या टोकाला शिशाचं वजन, वजनाच्या वीतभर वर गळ आणि गळाला दोन इंचांचा रबरी किडा. वजन तळाला टेकलं की काही ओढायचं नाही, रॉडचं टोक फक्त थरथरत ठेवायचं. ताई त्या किड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "वर्म घाबरलेली दिसली पाहिजे. स्केअर्ड, पण जागेवरच. पळालास की मासा इंटरेस्ट नाही घेणार." तिच्या मराठीला मी हसत नाही, माझ्या इंग्लिशलाही ती हसत नाही. त्या थरथरणाऱ्या किड्यावर पर्च नावाचा मासा येतो. हिरवट अंग, त्यावर काळे पट्टे, पोटाखाली लाल पर आणि पाठीवर काटे. तळहाताएवढा असला तरी काका त्याला ओल्या हातांनी धरत, गळ काढत, फोटोही न घेता पाण्यात सोडून देत.

माझा जीव खालीवर व्हायचा. आमच्याकडे हातात आलेला मासा परत गेला, तर तो धरणाऱ्याची चूक असते. मी काकूंना विचारलं, काका मासे सोडून का देतात? काकू म्हणाल्या, "सकाळी वंदनेत पाणातिपाता, जीव घेणार नाही, म्हणायचं आणि दुपारी गळ टाकायचा, मग सोडून नको द्यायला?"

काका पेपरातून म्हणाले, "अगं, मारत तर नाही ना मी."

"माशाला विचारलंय का कधी, त्याला कसं वाटतं ते?"

ते ऐकून मी हसलो आणि मनात धरून बसलो की मासा सोडणं हे काकांचं शील आहे. माझी चूक इथे झाली. हा या देशातला नियमही असेल, असं माझ्या डोक्यात आलंच नाही. टॅकलच्या, म्हणजे गळ-वजनांच्या, डब्याच्या झाकणात प्लास्टिकमध्ये घडी घातलेला एक कागद असे, त्याला मी रॉडची वॉरंटी समजत होतो. मी स्वतः बहुतेक वेळ जाळीची टोपली धरून उभा असायचो. ताई कधी पाच मिनिटं रॉड हातात देऊ लागली की काका म्हणत, "त्याचं काढू नंतर." काय काढायचं, हे मी विचारलं नाही. विचारलं की अडाणी दिसतो, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

मग काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर त्यांची भूकच गेली. ताई सूप आणायची, काका खिचडी करायचे, ताट तसंच परत जायचं. एकदा त्या म्हणाल्या, "फ्रोझन मासा म्हणजे ओला पुठ्ठा. ताज्या माशाचा रस्सा तोंडाला लागून किती वर्षं झाली." आमच्याकडे बाळंतिणीला, टाके पडलेल्या माणसाला मरळ माशाचा रस्सा देतात. जखम लवकर भरते म्हणतात. आजारी माणसाच्या घरी मासा नेऊन दिला नाही, तर धीवराच्या घराला नाव ठेवतात. या घरात मी एवढे महिने जेवलो होतो आणि परत देण्यासारखं मला येत होतं ते हे एकच.

बुधवारी दुपारी मला लेक्चर नसतं. मी शेडमधून काकांचा रॉड काढला, जेवणाचा डबा घेतला आणि एकटाच कॅनॉलवर गेलो. पुलाखाली दोन तास किडा थरथरवला. एक पर्च आला, चांगला वीतभर. खरं सांगतो, इथे आल्यापासून तेवढा आनंद मला कशाचाच झाला नव्हता. मासा डोक्यावर एक फटका मारून शांत केला, टिशूत गुंडाळून डब्यात ठेवला, आणि वर पाहिलं तर निळ्या जॅकेटातली एक बाई टो-पाथवरून, काठाच्या पायवाटेने, येत होती. छातीवर बिल्ला होता.

तिने हसून लायसन्स विचारलं. मला वाटलं ड्रायव्हिंग लायसन्स. मी म्हटलं, मी बसने आलो. ती म्हणाली, रॉडचं. मग तिने डबा उघडायला सांगितला. मासा बघून ती रागावली नाही. इथून मासा नेता येत नाही, एवढंच हळू आवाजात म्हणाली. तिने नाव, जन्मतारीख, पत्ता लिहून घेतला. पत्ता काकांचा. मी विचारलं, माझ्या व्हिसाचं काय होईल? ती म्हणाली, "ते माझ्याकडे नाही, मी फक्त माशांचं बघते. तुम्हाला पोस्टाने कळेल." डबा तिने रिकामा करून धुवायला लावला आणि परत दिला.

मी रॉड पुसून शेडमध्ये ठेवला आणि घरात कोणालाही काही सांगितलं नाही.

पुढचे पाच आठवडे मी दाराकडे कान लावून जगलो. लेटरबॉक्सची पट्टी वाजली की पोस्ट उचलायला मी सगळ्यांच्या आधी धावायचो. काका म्हणायचे, "वा, घरात पोस्टमास्तर आलाय." ब्राऊन लिफाफा दिसला की आधी नाव वाचायचो. कौन्सिलचं, पेन्शनचं, पाण्याचं, काहीही असायचं. युनिव्हर्सिटीत परदेशी विद्यार्थ्यांसाठी सल्ला देणारं ऑफिस आहे. त्याच्या दारापर्यंत मी दोनदा गेलो आणि परत आलो. विचारायला गेलो म्हणजे कबूल केलं, असं वाटायचं. बसमध्ये इन्स्पेक्टर चढला, तर खिशात पास असूनही मी पुढच्या स्टॉपला उतरायचो. रविवारी असाइनमेंट आहे म्हणून खोलीत बसायचो, आणि खिडकीतून काका आणि ताई रॉड घेऊन जाताना बघायचो.

व्हिसा गेला तर काय, याचा विचार मी शेवटपर्यंत करायचोच नाही. एका चित्रापाशी थांबायचो: मी विमानतळाबाहेर येतो आहे, आणि बाबा त्याच खांबाला लागून उभे आहेत.

फोनवर बाबांनी एकदा विचारलं, "पान्यावर जातो का रे?" मी म्हटलं, थंडी फार आहे. मग ते म्हणाले, "पानी कोनाचं हाये, इचारलं ना?" मी रेंज जात असल्याचं सांगून फोन ठेवला. त्या दिवशी मला ओट्यावर बसलेले बाबा पुन्हा दिसले, आणि त्यांच्याकडे न बघता जाणारा मीही दिसलो.

पत्र आलं तेव्हा मी नेमका लॅबमध्ये होतो. दुपारी दीडला घरी आलो तर तिघंही किचनच्या टेबलाशी. काकू त्या दिवशी पहिल्यांदा काठीशिवाय दारापर्यंत गेल्या होत्या, आणि पायपुसण्यावरचं पोस्ट त्यांनीच उचललं होतं. टेबलावर लिफाफा होता, बंद.

काका म्हणाले, "तुझ्या नावाचं आहे. आम्ही उघडलं नाही. पण वर कोणाचा शिक्का आहे ते दिसतंय, सुरज."

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. शेड, डबा, बाई, काकूंचा रस्सा. बोलताना माझा आवाज त्या रॉडच्या टोकासारखा हलत होता.

काकू मग म्हणाल्या, "माझ्यासाठी? त्या कॅनॉलमधला? अरे, त्या पाण्यात सुपरमार्केटच्या ट्रॉल्या बुडालेल्या असतात. गुडघा सोड, मी पोटानेच गेले असते."

ताई हसली. काका हसले नाहीत. "लायसन्सचा कागद टॅकलच्या डब्यातच होता," ते म्हणाले. "तुला वाचून दाखवायला हवा होता. माझं चुकलं." बापाच्या वयाच्या माणसाने माझ्यासमोर असं म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

मी लिफाफा उचलला. ताईने सुरी दिली. एक पान होतं. पहिलीच वेळ असल्यामुळे खटला भरणार नाही, ही लेखी ताकीद समजावी, नोंद ठेवली जाईल, पुन्हा आढळल्यास कारवाई होईल. मी ते तीनदा वाचलं, मग ताईने मोठ्याने वाचलं. ती म्हणाली, "उद्या तू माझ्याबरोबर त्या ॲडव्हाइस ऑफिसमध्ये येणार. विचारायचं. विचारणं म्हणजे गुन्हा नाही." दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. तिथल्या बाईंनी पत्र वाचलं आणि यावरून तुझा व्हिसा जात नाही, असं स्पष्ट सांगितलं. आता माझं स्वतःचं रॉड लायसन्स आहे, आणि टॅकलच्या डब्यात दोन कागद आहेत. तरी लेटरबॉक्स वाजला की मी अजून दचकतो. हे जाईल असं मला वाटत नाही.

इथे आलो तेव्हा मला वाटायचं, भीती वाटत नाही ते घर. आता तसं वाटत नाही. गावातही आम्ही भीतच होतो. ज्यांच्या टेबलाशी उभं राहून आपली चूक सांगता येते आणि ते आपला लिफाफा न उघडता वाट बघतात, तेवढी जागा आता मला घर वाटते. गावाकडच्या घरात मी असं कधी उभा राहिलो नव्हतो.

म्हणून पत्र आलं त्याच दिवशी, काकूंसमोरच मी बाबांना फोन लावला. तिकडे दिवेलागण झाली होती. मी सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हटलं, "बाबा, तुमाले तवा कोनी सांगितलंच नोहोतं. मी मात्र न विचारताच गेलो."

पलीकडून मायचा आवाज आला, "सांगा ना आता त्याले." मग बाबा खाकरले.

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "ठेका बदलला, ते मले आदल्या दिवशीच मालूम होतं. तुही माय बाळंतीन होती. तिच्यासाठी मरळ पायजे होती."