माळावरून उचललेले धोंडे

अन्याय माझ्या आत्यावर झाला आणि खोडाळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या पाड्यावर झाला. गेल्या वर्षी, धुळवडीच्या सकाळी. भिवंडीहून कामावरून सणाला आलेले बाप्ये अजून झोपेत होते.

आमच्या माळावर उभ्या धोंड्यांचं रिंगण आहे. भोवती मातीचा गोल बांध, बाहेरून चर. शिकलेले त्याला शिळावर्तुळ म्हणतात, हजारो वर्षांपूर्वीचं. नवी नागली घरात आली की पहिली भाकर तिथे ठेवायची, मगच आपण खायची, एवढं आम्हाला ठाऊक. आणि त्या धोंड्यांना ‘माझे’ म्हणायचं नाही. ते मेलेल्यांचे. जिवंत माणसाने हक्क सांगितला तर तो त्यांच्यात जातो, असं मानतात.

मी आणि आत्या पाणी घेऊन येत होतो. बांधावर जेसीबी चढलेला. मुकादम वरूनच ओरडला, “ओ मावशी, हे धोंडे कोणाचे?”

“कोनाचं नाय,” आत्या म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

“मग नेतो.”

“नाय रं दादा, ते नेत नसतात.”

“कोणाचे नाहीत, तरी न्यायचे नाहीत? होळीची अजून उतरली नाही वाटतं!” ड्रायव्हर खिदळला.

मी हंडा टाकला आणि यंत्रापुढे उभी राहिले. मुकादम म्हणाला, “तुझे आहेत का? बोल की!”

मी तोंड उघडलं, तोच आत्याने ओला हात माझ्या तोंडावर दाबला. मला ओढत बाजूला नेलं. अर्धं रिंगण डंपरमध्ये गेलं, बांधाला खिंडार पडलं.

ते धोंडे आता दाभोशाच्या धबधब्याच्या वाटेवर एका रिसॉर्टच्या कठड्यात आहेत. त्यांना चुना फासून वर नाचणारी माणसं रंगवलीत. ओल्या चड्ड्या वाळत घातल्यात, खाली बिअरचे डबे. मी बघायला गेले तर मॅनेजर म्हणाला, “आदिवासी टच आहे, गेस्टना आवडतो.”

दिवाळीच्या सुमारास नागली घरात आली. आत्याने तिला हात लावला नाही. मोडक्या रिंगणात भाकर कशी ठेवायची, म्हणते. रेशनचा तांदूळ खाते. अजूनही.

पावसाळ्यात तुम्ही धबधबा बघायला येता. खोली ठरवण्याआधी फोन करा, कठडा कशाचा आहे ते विचारा. धोंडे माळावरचे असतील तर मालकाला स्पष्ट सांगा: ते खोडाळ्याच्या माळावर परत पोचव, तोवर आम्ही येणार नाही. नुसती हळहळ नको. फोन आजच करा.