बारशाची गोधडी आणि कापशीचे केस

वैशाखरे गावाच्या कडेला जी आदिवासी वाडी आहे, तिथं बाईजा राहते. माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावरून तिचं घर दिसत नाही, पण कुंपणावर वाळत घातलेल्या गोधड्या दिसतात. गाड्या थांबतात, माणसं उतरून विचारतात, "ह्या कोण शिवतं?" आणि बाईजा लाजून आत पळते. बाहेर येऊन बोलते ती तिची लेक आरती.

बाईजाचं निम्मं आयुष्य वीटभट्टीवर गेलं. भातकापणी संपली की भांडी, कोंबड्या, पोरं ट्रकात भरायची आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. भट्टीवर शेजारच्या झोपडीत सोलापूरकडची एक बाई फाटक्या लुगड्यांची गोधडी शिवायची. तिच्याजवळ बसून बसून बाईजाच्या हातात सुई आली. पुढं नवरा पोश्या कमरेनं अधू झाला, भट्टी सुटली, आणि ही सुईच घराच्या कामी आली. शेवटच्या वर्षी भट्टीवरून निघताना एक पांढरी कुत्री ट्रकामागं धावत सुटली. थांबेचना. बाईजानं ट्रक थांबवायला लावला आणि तिला वर ओढून घेतलं. तिचं नाव ठेवलं कापशी.

गेल्या हिवाळ्यात भूमिका तिच्याकडे आली. भूमिका वैशाखऱ्याचीच, शेतकऱ्याच्या घरची. लग्न करून म्हसा गावी दिलेली. तिच्या आईच्या शेतात बाईजानं कितीतरी वर्षं भाताची आवणी केली होती. ती आई आदल्या वर्षी वारली. आता भूमिकाला मुलगी झाली होती आणि बारसं सासरीच होणार होतं. तिनं पिशवीतून आईच्या साड्या काढल्या. सगळ्यांत वर गडद हिरवी.

"काकी, पोरीला आजीची गोधडी पायजे. फक्त एक कर, धुवू नको. आईनं घडीत वाळ्याची मुळं ठेवलेली. तो वास राहू दे."

बाईजानं साडी नाकाशी नेली. चिखलात वाकून रोपं लावताना बांधावरून चहाची किटली घेऊन येणारी बाई तिला दिसली. ती एवढंच म्हणाली, "नाय धुणार."

आणि तिनं जीव ओतून गोधडी शिवली. टाका इतका बारीक की पोश्या म्हणाला, "डोले फोडून घेशील गो!" बारशाच्या आदल्या दिवशी शेवटचा टाका घातला आणि गोधडी घडी करून खाटेवर ठेवली.

सकाळी आरतीच्या किंकाळीनं घर जागं झालं. कापशी गोधडीवर मस्त वेटोळं करून निजली होती! थंडी होती, तिला ऊब मिळाली होती. बाईजानं तिला हाकललं आणि घडी उलगडली. गडद हिरव्या साडीवर पांढऱ्या केसांचा थर.

बाईजा मटकन खाली बसली. "आता काय करू रे? बोलतील, वाडीवरची बाई, कुत्र्याच्या अंगाखालची गोधडी आणली आमच्या पोरीला."

"धू की मग," पोश्या म्हणाला.

"धुवून कशी चालंल? भूमिकानं सांगितलंय. आणि एवढी जाड गोधडी दुपारपर्यंत सुकंल तरी का?"

मग सुरू झाली धांदल. पोश्यानं दोरीवर टाकून काठीनं झोडपली. वरवरचे केस उडाले, उन्हात चमकत सगळ्यांच्या डोक्यावर बसले. बाकीचे टाक्यांत घुसून राहिले. आरतीनं चिकटपट्टी आणली. ती दोन हात मारताच निकामी झाली. शेजारची गुणा धावत आली, तिनं हात पाण्यात बुडवून झटकला आणि नुसत्या ओलसर तळव्यानं गोधडी पुसली.

"आयो! बघा बघा!" गुणा ओरडली. तळव्याखाली केसांची वळी जमली होती, वातीसारखी.

सगळ्यांना हुरूप आला. जो तो हात ओला करून बसला. पण तळवा लगेच सुकायचा, आणि गोधडी चांगली ऐसपैस. सूर्य वर चढत होता.

तेवढ्यात रस्त्यावर पंक्चरचं दुकान चालवणारा जयराम आरडाओरडा ऐकून आला. त्यानं थोडा वेळ बघितलं. "हाताला पकड नाय. रबर पायजे," म्हणाला आणि पळाला तो सायकलची जुनी ट्यूब घेऊनच आला.

"थांब!" बाईजानं त्याचा हात धरला. "काला डाग पडला तर?"

ट्यूब उभी चिरली, साबणानं घासली, आतली पांढरी पूड धुतली, फडक्यानं कोरडी केली. बाईजानं आधी गोधडीच्या मागच्या कोपऱ्यावर हलकेच ओढून पाहिली. डाग नाही. मग तिनं श्वास रोखून हिरव्या साडीवर ओढली, एकाच बाजूला, आपल्याकडे. केस टाक्यांतून उठले, गोळा झाले, आणि ट्यूबच्या पुढं गुंडाळत आले.

"निघले!" बाईजा उडालीच. "आरते, निघले गो!"

वाडीभर हाक गेली. जयरामनं ट्यूबचे तुकडे केले, प्रत्येकानं एक घेतला. चारी बाजूंनी माणसं बसली. "माझी वळी मोठी!" "जा रे, ही बघ!" गोधडीच्या कडेला आपल्याच केसांचा ढीग वाढताना कापशी लांबून बघत होती. पोश्या कमरेचं दुखणं विसरून गुडघ्यावर रांगत होता. हिरवा रंग वर आला, पार कडेपर्यंत. बाईजानं गोधडी उन्हात धरली, जोरात झटकली, नाकाशी नेली. वाळा होता!

"चला! जीप गेली तर बसा बोंबलत!" पोश्या ओरडला.

बाईजा आणि आरती जीपमध्ये चढल्या. टाक्यांत एखादा केस दिसला की बाईजा सुईच्या टोकानं उचलायची. मुरबाडला गाडी बदलली. म्हशाच्या रस्त्यावर जत्रेची गर्दी. बैलांची रांग, घोंगड्यांचे गठ्ठे, पिपाण्यांचा आवाज. गाडी मुंगीसारखी चालली होती. शेवटी दोघी उतरल्या आणि गोधडी छातीशी धरून पळत सुटल्या.

भूमिका दारातच उभी होती. बाईजानं दम खाण्याआधीच सांगून टाकलं, "ताई, आधी ऐक. रातच्याला कुत्री निजली होती यावर. समदे केस काढले आमी. धुतली नाय. तुला नको असंल तर घेऊन जाते परत."

भूमिकानं गोधडी घेतली, उलगडली आणि तोंड त्यात खुपसलं. बराच वेळ. आरती आईचा पदर ओढायला लागली. मग भूमिकानं डोकं वर केलं तेव्हा गाल ओले होते आणि ती हसत होती.

"आईच हाये गो काकी. आईच."

मागून तिची सासू आली. करड्या आवाजात म्हणाली, "कुत्रीचे केस? आणि गेले कशानं?" बाईजानं घाबरत पिशवीतून ट्यूबचा तुकडा काढून दाखवला. सासूनं तो हिसकावूनच घेतला. "अगं, मग आत ये लवकर! आमच्या मांजरानं दिवाणाची वाट लावलीय, आणि पाव्हण्या आत्ता येतील नव्या साड्या नेसून!"

पुढची धावपळ काय सांगावी! दिवाणाच्या मखमली चादरीवर सासू एका टोकानं, बाईजा दुसऱ्या टोकानं. "आपल्याकडं ओढा आई, मागंपुढं नको," बाईजा सांगत होती आणि सासू प्रत्येक वळीला "अगोबाई!" म्हणत होती. पाहुण्यांची पहिली गाडी अंगणात शिरली तेव्हा चादर लख्ख होती आणि दोघी धापा टाकत हसत होत्या.

बाईजा मागच्या दारी जाऊन बसली. अशा घरी ती नेहमी तिथंच बसत आलेली. बायका पाळण्याभोवती जमल्या. पाळण्यात हिरवी गोधडी, गोधडीवर पोर. आत्यानं कानात नाव सांगितलं, योगिनी. पोरीला पाळण्याच्या वरून आणि खालून या हातातून त्या हातात द्यायची वेळ आली तेव्हा भूमिका म्हणाली, "थांबा. माझ्या आईकडून कोण उभं राहणार?" आणि तिनं मागच्या दाराकडे पाहून हाक मारली, "काकी, ये."

बाईजाला वाटलं, चहाचे कप उचलायला बोलावलं. ती पुढं झाली तर सासूनंच तिला खांद्याला धरून पाळण्यापाशी उभं केलं. खालून पोर तिच्या हातात आली. ऊन ऊन, हलकी. बाईजानं पोरीला नीट वर दिलं, परत घेतलं, परत दिलं.

जेवून निघाल्या तेव्हा आरती म्हणाली, "आई, जत्रा बघायची?"

बाईजा रस्त्यातच थांबली. म्हशाची जत्रा पौषात भरते, आणि पौषात ती कितीतरी वर्षं भट्टीवर असायची; पुढं सुईतून सवड मिळाली नव्हती. घरापासून एवढ्या जवळची जत्रा तिनं नुसती ऐकली होती.

"चल!" ती म्हणाली आणि लेकीच्या पुढं चालू लागली.

आकाशपाळण्यात बसल्यावर तिनं दांडा दोन्ही हातांनी आवळला, डोळे मिटले. पाळणा टोकाला जाऊन थांबला तसे हळूच उघडले. खाली बैल, तंबू, धुरळा, माणसं, आणि पार लांब डोंगरांची रांग.

"आरते," ती ओरडली, "केवढी मोठी हाये गो जत्रा!"