शेजाऱ्याची केळ आणि माझं पाण्याचं बिल

शेजाऱ्याचं पाण्याचं बिल आमच्यापेक्षा कमी यायचं, म्हणून मी सबंध उन्हाळा अर्ध्या बादलीत आंघोळ केली. रायपूरच्या उन्हाळ्यात! ज्यांनी इथला मे महिना पाहिलेला नाही, त्यांना हा त्याग कळायचा नाही. नवा रायपूरला मंत्रालयात जाणाऱ्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्यांना मात्र तो चांगलाच कळला.

आम्ही चौबे कॉलोनीत राहतो. भिंतीपलीकडे वानखडे, रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. गल्लीत नवे मीटर लागले आणि पहिलं बिल आलं, तेव्हा वानखडेवहिनी साखर मागायला आल्या आणि जाताना सहज म्हणून आपलं बिल दाखवून गेल्या. आमच्या निम्मं!

"त्यांच्या घरी चार माणसं, आपल्या घरी तीन," आमची सुनंदा म्हणाली. "मग आपलंच दुप्पट काहून येऊन राहिलं?"

"मीटर खराब असेल."

"मीटर काहून खराब राहीन? वानखडे भाऊजी नळाचे वायसर सोता बदलतात. तुमाले वायसर कुठं असते ते तरी मालूम आहे का?"

हे कोणाला ऐकवलं, तर मंत्रालयात ज्याच्या टेबलावरून पाण्याच्या फायली जातात त्या माणसाला! (फायलीत वायसर नसतात, ही गोष्ट वेगळी.)

पण खरं सांगतो, बिलापेक्षा मला त्यांची केळ जास्त सलायची. आमच्या सामायिक भिंतीला लागूनच होती. आमचा मोगरा वाळून काडी झालेला, आणि पलीकडे ही बया ऐन मे महिन्यात हिरवीगार, अंगावर हा एवढा घड! मागच्या दिवाळीत तिची पानं आमच्या अंगणात डोकावायला लागली तेव्हा मी भिंतीच्या कडेनं लोखंडी अँगल ठोकून उंच जाळी बांधून टाकली होती. स्वतःच्या हातानं, घणानं! (शेजाऱ्याची भरभराट निदान चौकटी-चौकटीतून दिसावी.) वानखड्यांना त्याचं काही नाही. घड पिकला की फणीभर केळी आमच्याकडे यायचीच. मी जळायचोही आणि खायचोही. गोड असायची मेली!

त्यात मराठी मंडळानं व्याख्यान जाहीर केलं: 'घरातलं पाणी वाचवा, बिल कमी करा'. वक्ते, वानखडे!

"पाण्याच्या खात्यात तुम्ही," सुनंदा म्हणाली, "अन् बोलावलं त्याइले."

माझ्या डोक्यात सणक गेली. "व्याख्यानाच्या आधी आपलं बिल त्यांच्यापेक्षा कमी नाही आलं, तर नावाचा खेडकर नाही!"

दुसऱ्या दिवसापासून घरात माझं राज्य सुरू झालं. शॉवर काढून माळ्यावर टाकला. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, फिल्टरचं वाया जाणारं पाणी पोछ्याला, कपडे धुतलेलं पाणी संडासात. मी मोरीच्या दाराशी घड्याळ घेऊन उभा राहायचो.

"मिनू, झालं का? नळ बंद!"

"पापा, बाल में शॅम्पू है अभी!"

"मग कंगव्यानं काढ!"

मिनू म्हणजे आमची कॉलेजातली पोट्टी. मराठी सगळी समजते, भांडते हिंदीत. ज्या दिवशी मी कूलरचं पाणी मापानं भरायला लागलो, त्या दिवशी तिनं बॅग भरली. "मैं नानी के घर जा रही हूँ. जब आपका दिमाग ठंडा हो जाए तो बुला लेना."

कूलर कोरडा असल्यावर दिमाग ठंडा होणार कसा? तरी मी खूश झालो. एक माणूस कमी, म्हणजे तेवढं पाणी कमी!

व्याख्यानाच्या दिवशी बिल आलं. मागच्यापेक्षा जास्त.

सुनंदानं आधी माझ्याकडे, मग माझ्या अर्ध्या बादलीकडे पाहिलं. आणि त्याच क्षणी माझी नजर जाळीपलीकडे गेली. केळीला नवा कोंब फुटला होता! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: हा माणूस आपल्या लाइनीतून पाणी चोरून राहिला!

संध्याकाळी मंडळाचा हॉल भरला होता. वानखडे शांतपणे सांगत होते. गळका नळ आधी दुरुस्त करा. टाकी भरून वाहू देऊ नका. "अन् सगळ्यात सोपं. घरातले सगळे नळ बंद करा अन् मीटर पाहा. काटा फिरून राहिला तं समजा पाणी कुठं तरी चाललं."

मी ताडकन उभा राहिलो. "चाललंच आहे! शेजाऱ्याच्या घरी! दुसऱ्याच्या लाइनीत पाईप जोडला की बिल कमी येणारच ना!"

सुनंदानं पदर तोंडाला लावला. वानखड्यांनी माईक खाली ठेवला. "चला खेडकर भाऊ. नळाची वेळ आहे. आत्ताच पाहू."

अख्खं मंडळ आमच्या अंगणात! वानखड्यांनी आमचे सगळे नळ बंद केले, टाकीचा कॉक बंद केला. काटा गरगर फिरतच होता.

"पाहा!" मी ओरडलो. "आता यांच्या घरचे बंद करा!"

तेही बंद केले. काटा फिरतच राहिला.

वानखड्यांनी कुदळ मागवली आणि मीटरपासून निघालेल्या पाईपच्या मागावर भिंतीच्या कडेनं खणायला लागले. तिसऱ्या अँगलपाशी चिखल लागला. आणखी वीतभर खाली गेले, आणि सगळ्यांना दिसलं. अँगल आमच्याच पाईपच्या बरोबर पोटातून आरपार गेलेला, आणि तिथून आमचं पाणी बुडबुडत थेट केळीच्या मुळाशी निघालेलं.

"हा अँगल कोणं ठोकला होता?" कोणीतरी विचारलं.

"यायनंच," सुनंदा म्हणाली. "घणानं."

म्हणजे दिवाळीपासून ती केळ मीच पोसत होतो! मला त्या खड्ड्यातच उतरावंसं वाटलं. हात जोडून माफी मागितली.

"हव, होते असं," वानखडे म्हणाले, आणि चिखलाचे हात धुवून पाईपही त्यांनीच जोडून दिला. (वायसर कुठं असते ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.)

मिनू परत आली, शॉवर माळ्यावरून उतरला. पुढचं बिल आलं आणि काय सांगू, वानखड्यांपेक्षा कमी! मी ते हातात फडकवत पलीकडे गेलो.

"असणारच," ते हसले. "केळीले आता माह्या नळाचं पाणी लागते ना!"

तरी जिंकलो ते जिंकलो. मंडळात भेटेल त्याला बिल दाखवत सुटलो. आणि गेल्या आठवड्यात खरंच मंडळाचा फोन आला. पाणीबचतीवर पुन्हा कार्यक्रम ठेवला आहे, तुम्ही हवेच! मी सफारी इस्त्रीला दिला, भाषण पाठ केलं, सुनंदाला दोनदा ऐकवलं. फोन ठेवता ठेवता त्यांनी आणखी एक सांगितलं होतं, ते आनंदाच्या भरात माझ्या कानावरून गेलं होतं; निघताना आठवलं.

"खेडकर साहेब, येताना तेवढा तो अँगल घेऊन या."

गेलो. तासभर स्टेजवर उभा होतो. अँगल माझ्या हातात, माईक वानखड्यांच्या.