कारेलीबागेतली होडी

विलासभावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी होडीत बसले होते. बडोद्यात, कारेलीबागेत, आमच्या घराच्या आवारात विटांच्या थप्प्यांवर चढवून ठेवलेल्या होडीत. फेब्रुवारीतली सकाळ, अंगावर शाल, हातात टॉर्च, आणि होडीच्या मागच्या टोकाकडच्या लाकडावर चिकटपट्टीने लावलेला प्लास्टिकचा तुकडा मी वाकून बघत होते. त्या तुकड्याखाली पाण्याचे थेंब दिसले तर लाकूड आतून अजून ओलं, नाही दिसले तर सुकलं, अशी ती साधी परीक्षा होती. तिचा निकाल रोज सकाळी दवाखान्यात कळवायचं काम भावजींनी माझ्यावर सोपवलं होतं. फोन ह्यांचा होता. रात्री भावाजवळ हेच थांबले होते. मी फोन उचलला आणि ते काही बोलायच्या आत सांगून टाकलं, "त्यांना सांगा, थेंब आहेत अजून." हे म्हणाले, "आता कुणाला सांगू?" मी टॉर्च बंद केला आणि तशीच बसून राहिले.

विलासभावजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन नागपूरहून बडोद्याला आले तेव्हा ते कॉलेजात होते. सासरी सगळे माझ्याशी जपून बोलायचे, हे एकटेच पहिल्या आठवड्यात मला खंडेराव मार्केटला घेऊन गेले आणि म्हणाले, "वहिनी, इथे मराठीत भाव केलात तर भाजीवाली तुम्हाला पाहुणी समजेल. गुजराती शिका, नाहीतर पिशवी मी उचलतो आणि भाव ती सांगेल तो." गुजराती मी त्यांच्याकडूनच शिकले, चुकांसकट. लग्न त्यांनी केलं नाही. का केलं नाही हे विचारायचा हक्क वहिनी म्हणून मला होता आणि तो मी भरपूर वापरला, पण उत्तर कधी मिळालं नाही. वाघोडियाच्या एका कारखान्यात ते सुपरवायझर होते. तिथे फायबरच्या टाक्या, पाइप, पत्रे बनायचे. घरी येताना अंगाला रेझिनचा, फायबर चिकटवायच्या त्या रसायनाचा, उग्र वास असायचा आणि मी त्यांना न्हाणीघरात पिटाळल्याशिवाय ताट वाढायची नाही. प्रत्येक वस्तू बोटाने वाजवून बघायची खोडही तिथलीच. भोपळा वाजवायचे, दार वाजवायचे, एकदा तर आमच्याकडे आलेल्या एका स्थळाच्या घरची भिंत वाजवून "पोकळ आहे" म्हणाले होते. माझ्या नणंदेचं ते लग्न मोडलं नाही, हे नशीब.

निवृत्तीनंतर एका डिसेंबरात आम्ही तिघं भरूचच्या पुढे, नर्मदा समुद्राला मिळते त्या बाजूला फिरायला गेलो होतो. किनाऱ्यावर चिखलात एक जुनी फायबरची होडी कलंडलेली होती. भावजी तिच्यापाशी जाऊन उभे राहिले ते हलेचनात. पुढच्या टोकाजवळ फायबरला एक बारीकसा पोचा होता. तो त्यांच्या कारखान्यातल्या साच्याचा पोचा होता, त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक होडीवर उमटलेला. ऐन तारुण्यात त्यांनी अशा काही होड्या बनवल्या होत्या. त्या धंद्यात कारखान्याने एकदाच हात घातला, नंतर नाही. त्यांनी खिशातलं किल्ल्यांचं जुडगं काढलं आणि होडीचं बूड ठोकत गेले. काही ठिकाणी टणक आवाज यायचा, काही ठिकाणी भिजलेल्या गादीवर थाप मारल्यासारखा. होडीचा मालक रमणभाई जवळच जाळं विणत बसला होता. तो म्हणाला, "होडी पाणी पी गई छे, साहेब. हवे शुं थाय?" म्हणजे, आता काय होणार. इंजिन जिच्यावर टांगतात ती मागची जाड फळी हलत होती, होडी दुपटीने जड झाली होती, आणि तो आता भावाच्या होडीवर जात होता. भावजी त्याला म्हणाले, "ही मी बनवलीय." आणि मग आमच्याकडे न बघता, "पावसाळ्यात बनवली होती. शेड गळत होती, लाकूड ओलं होतं. पार्टीला घाई होती, मॅनेजरला घाई होती. मी म्हणालो, चालेल."

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. भरूच सोडलं तेव्हा ते म्हणाले, "फायबर बाहेरून कधी कुजत नाही वहिनी. आत लाकूड ओलं राहिलं तर ते आतल्या आत कुजतं आणि बाहेर तीस वर्षं पत्ता लागत नाही." संक्रांत झाली आणि रमणभाईला दुरुस्त करून द्यायची म्हणून ती होडी टेम्पोवर पालथी बांधून आमच्या दारात आली. किनाऱ्यावरच्या दमट हवेत लाकूड सुकणार नाही, त्याला बडोद्याचा उन्हाळाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ज्या उन्हाळ्याला आम्ही सगळे जन्मभर शिव्या देत आलो, त्याचा असा उपयोग मी पहिल्यांदाच ऐकला. माझ्या तुळशीकुंड्या, ह्यांची स्कूटर, सगळं एका कोपऱ्यात गेलं. समोरच्या ट्यूशन क्लासला येणारी मुलं थांबून फोटो काढायची आणि शेजारच्या जयाबेन मला रोज सांगायच्या, "विश्वामित्रीमां पूर आवे तो अमने पण बेसाडजो हं!" गावातल्या नदीला पूर आला तर त्यांनाही होडीत घ्यायचं. मी म्हणायची, आधी ती तरंगू दे.

होळीपर्यंत त्यांनी होडीची आतली फायबरची साल कापून काढली. खाली लांबच्या लांब वासे होते, होडीला ताठ ठेवणारे. कुजलेला भाग पटाशीने उकरला तर चहाच्या चोथ्यासारखा काळा लगदा निघाला, घमेलीच्या घमेली. मागची फळी तर अख्खीच गेली होती. तिथे त्यांनी नवी बसवली. पण वाशांचा जो भाग शाबूत होता तो त्यांना काढायचा नव्हता, सुकवायचा होता. ओल्या लाकडाला रेझिन धरत नाही, आणि वरून बंद केलं की आतली ओल आत कोंडते. म्हणून दुधाच्या पिशव्या धुऊन, कापून, ते जागोजागी चिकटवायचे आणि सकाळी चहाच्या आधी थेंब बघायला जायचे. एप्रिलपर्यंत एकेक जागा सुकत आली. आणि त्याच एप्रिलमध्ये त्यांचं पोट दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी मला आणि ह्यांना बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. भावजींनी आमची तोंडं बघितली आणि खोदून खोदून सगळं काढून घेतलं. पुढचा उन्हाळा ते बघतील असं कुणीच म्हणत नव्हतं.

मेच्या शेवटी होडी जवळजवळ तयार होती. फक्त मागच्या टोकाशी, उजव्या वाशात, हातभर जागा ओली होती. रमणभाई येऊन बघून गेला. नदीला नवं पाणी येईल, मासळीचा हंगाम सुरू होईल, तेव्हा होडी मिळाली तर त्याला हवीच होती, पण तो तोंडाने काही बोलला नाही. बोलले ती मी. मी भावजींना म्हटलं, "हातभर तर जागा आहे. बंद करून टाका. एकदा ती पाण्यात गेलेली बघा तरी तुम्ही." मला दुसरं काही नको होतं. त्यांनी बनवलेली, त्यांनीच दुरुस्त केलेली होडी नर्मदेत तरंगते आहे आणि ते किनाऱ्यावर उभे आहेत, एवढंच मला डोळ्यांनी बघायचं होतं. ते होडीच्या काठावर बसून होते, बारीक झाले होते. म्हणाले, "वहिनी, लाकूड आपल्याला विचारून सुकत नाही ने." मी चिडले. म्हटलं, तुम्हाला तुमच्या जिवापेक्षा लाकडाचं पडलंय. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "ओलं बंद करून मी एकदा बघितलंय. तेव्हा पुढे माझ्या हातात तीस वर्षं होती. आता तीही नाहीत." मी आत जाऊन भांडी आपटली. जेवायला हाक मारली नाही, ते आपले आपणच येऊन बसले आणि आमटी छान झाल्याचं सांगून गेले.

पावसाळाभर होडी ताडपत्रीखाली राहिली. दिवाळीनंतर भावजींना जिना चढवेना म्हणून वरच्या खोलीतून खालच्या दिवाणखान्यात आणलं. खिडकीतून होडी दिसायची. थेंब बघायला मी जायची आणि खिडकीकडे बघून मान हलवायची, अजून आहेत म्हणून. ते हात वर करायचे, म्हणजे असू दे. पुढे त्यांना दवाखान्यात हलवल्यावर मी हेच फोनवर सांगू लागले. त्यांना एकदाही हळहळताना मी बघितलं नाही. हळहळ सगळी माझ्या वाट्याला आली…

ते गेल्यावर दिवस-वार झाले, पाहुणे आले तसे गेले, आणि मी पुन्हा रोज सकाळी होडीत जाऊन बसायला लागले. ह्यांनी एकदा विचारलं, "आता कशाला?" मी टॉर्च उचलला आणि बाहेर गेले. त्या ओल्या जागेजवळ भावजींनी पेन्सिलीने लिहिलं होतं, "वहिनी, घाई नको." आमचं भांडण झालं त्याच दुपारी लिहिलं होतं, तेव्हा मी ते वाचून न वाचल्यासारखं केलं होतं. त्यांचा हात जड. सुताराची जाड पेन्सिल असे दाबून चालवायचे की लाकडात खाच पडायची. मी थेंब बघायची आणि मग त्या अक्षरांवरून बोट फिरवायची, व पासून सुरू करून. उन्हं तापू लागली तसे थेंब कमी होत गेले. खरं सांगते, थेंब दिसला की मला बरं वाटायचं. थेंब आहे तोवर होडी उघडी राहणार, होडी उघडी आहे तोवर ते काम अर्धं राहणार, आणि अर्ध्या कामावरून उठून गेलेला माणूस हात धुऊन परत येतो, असं मनाला वाटत राहतं. मनाला काय, काहीही वाटतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात प्लास्टिक कोरडं निघालं. मी दुसरा तुकडा लावला, तोही कोरडा. तिसऱ्या दिवशीही तेच. कुणाला सांगितलं नसतं तर कुणाला कळणार नव्हतं. जून आला असता, पाऊस आला असता, आणखी एक वर्ष ताडपत्रीखाली गेलं असतं… असा विचार मी केला, दोन दिवस केला. मग रमणभाईला फोन लावला. तो रेझिनचा डबा आणि मॅटची गुंडाळी घेऊन सकाळच्या गाडीने आला. भावजींनी त्याला शेजारी बसवून सगळं शिकवून ठेवलं होतं, आणि ते मला ठाऊकच नव्हतं.

त्याने आधी मॅट अंथरली. काचेच्या धाग्यांची ती पांढरी गोधडी वाशावर बसली आणि अक्षरं दिसेनाशी झाली. मला तिथे उभं राहवेना. मी चहा टाकायला आत गेले आणि गॅस न लावताच ओट्याशी उभी राहिले. जरा वेळाने त्याची हाक आली, "बेन, आवो ने!" बाहेर आले तर तो ब्रशने रेझिन मुरवत होता, आणि जिथे रेझिन मुरेल तिथे ती पांढरी मॅट काचेसारखी आरपार होत होती. खालून लाकूड वर आल्यासारखं दिसायला लागलं. मग व दिसला. मग हि. पेन्सिलीची अक्षरं पूर्वीपेक्षा काळी आणि स्पष्ट. रमणभाईला मराठी वाचता येत नाही. त्याने विचारलं, "साहेबे शुं लख्युं छे?" मी म्हटलं, "लख्युं छे, भाभी, उतावळ ना करशो." तो हसला आणि मग त्याने मान खाली घालून ब्रश पुढे नेला. मी हात पुढे केला तर म्हणाला, "अडशो नहीं बेन, हजी काचुं छे." रेझिन अजून कच्चं होतं, हात लावायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रमणभाई उठायच्या आत मी होडीत जाऊन बसले. रेझिन टणक झालं होतं. आता त्याच्यावर फळ्या बसतील, होडी नदीला जाईल, माझ्या तुळशी जागेवर येतील. मी व पासून बोट फिरवायला सुरुवात केली. सगळं गुळगुळीत. अक्षरं तीच होती, तिथेच होती, चांगली वाचता येत होती… बोटाला मात्र लागत नव्हती.