जावयाला पेनल्टी

आमच्या घराण्यात पिवळं कार्ड आजवर एकाच व्यक्तीला दाखवण्यात आलं आहे, आणि ती व्यक्ती म्हणजे माझी एकुलती एक मुलगी. दाखवणारा मी. कार्ड म्हणजे तिच्याच लग्नाची उरलेली पत्रिका. (हळदीच्या रंगाची घेतली होती. दोनशे जास्त छापल्या म्हणून मंगल, म्हणजे माझी बायको, अजून बोलते. निदान एक तरी कामाला आली!)

यंदा अधिक महिना आणि फुटबॉलचा वर्ल्ड कप एकमेकांच्या अंगावर आले. सकाळी साडेसहाच्या मॅचला मी पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये चहाचा कप घेऊन बसायचो, आणि पावणेसातपर्यंत रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मोकळा व्हायचो. माझा राग होता त्या दहा नंबरच्या महाराजांवर. जगातला सगळ्यात मोठा खेळाडू म्हणे! त्याच्या शेजारून कुणी जोरात श्वास घेतला तरी तो गवतावर लोळतो, आणि तो लोळला की शिट्टी वाजते. तेच दुसऱ्या कुणाचा पाय मोडला तरी रेफरी म्हणतो, ऊठ, खेळ.

"पण मला एक सांगा," मंगल भाजी निवडता निवडता विचारायची, "हा धक्का लागायच्या आधीच कसा पडतो?"

"अगं, तीच तर कला आहे!"

"आणि त्या पंचाला दिसत नाही?"

"दिसतं गं! पण समोर कोण आहे तेही दिसतं ना!"

मला मात्र वेगळंच कुतूहल होतं. त्या माणसाला स्वतःला माहीत असेल का, की आपल्याला असं सांभाळून घेतात? की त्याला मनापासून वाटतं, आपण खरंच इतके भारी आहोत? मंगल म्हणाली, "माहीत असल्याशिवाय राहतंय?" मीही म्हणालो, माणसाला आपली लायकी आतून कळतेच. आता माझंच बघा. उरणला माझ्या सासुरवाडीत मी एकोणतीस वर्षांत कॅरमचा एकही डाव हरलेलो नाही. पण म्हणून मी कधी मिरवलं? (मिरवलं. पण कारण होतं ना!)

तर अधिक महिना. रुचाच्या लग्नानंतरचा पहिलाच, म्हणजे जावयाला वाण द्यायलाच हवं. तांब्याचं ताट, वर दिवा, तेहतीस अनारसे. नेऱ्याला आमची थोडी जमीन आणि दोन खोल्या आहेत, तिथे रविवारी सगळ्यांना बोलावलं. निनाद (हा आमचा जावई, गुणी मुलगा), त्याचे आईवडील, भाऊ, चुलतभाऊ. आमच्याकडून रुचाची मावसभावंडं आणि उरणहून आलेला माझा मेव्हणा हरी.

रुचा कॉलेजच्या टीमची गोलकीपर होती. निनादलाही आपण बरे खेळतो असं वाटतं. लग्न झाल्यापासून दोघांचा एकच वाद चालू होता, सकाळचा चहा कोणी करायचा. शेवटी ठरलं, नेऱ्याला सासर विरुद्ध माहेर अशी मॅच, पाच-पाच जणांची. जो हरेल त्याने वर्षभर सकाळी उठून चहा करायचा.

"रेफरी बाबा," रुचाने जाहीर केलं. "दुसरं कुणी नको. बाबा कुणाच्या बापालाही सोडत नाहीत!"

माझी छाती फुगली. लहानपणापासून ही पोरगी माझ्या शेजारी बसून मॅच बघायची, माझी रेफरींवरची भाषणं ऐकायची. मी तिला वचन दिलं, "माझ्यासमोर सगळे सारखे." आणि आमराईखालच्या सपाट तुकड्यावर, गळ्यात शिट्टी आणि खिशात पत्रिका घेऊन, उभा राहिलो.

अडचण अशी झाली की मैदानाच्या कडेला खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यात मधोमध विहीणबाई बसल्या होत्या.

दुसऱ्याच मिनिटाला निनादने बॉल सरळ हाताने खाली घेतला. अगदी फळीवरचा डबा काढावा तसा.

"बाबा, हँडबॉल!" रुचा ओरडली.

शिट्टी तोंडात होती, पण वाजेना. विहीणबाई माझ्याकडे बघून गोड हसल्या.

"बॉलच त्यांच्या हाताला लागला," मी म्हणालो. "त्यांचा काय दोष?"

मग निनाद धावता धावता एका ढेकळाला अडखळून पडला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. मी फ्री किक दिली.

"बाबा, मी माझा मीच पडलो," तो बिचारा कपडे झटकत म्हणाला.

"जावईबापू, तुम्ही बोलू नका! मी बघितलंय!"

"पण मला कुणी..."

"दुखत असेल तर बसा जरा. मॅच थांबवू. मंगल, पाणी आण गं!"

मैदानात खरोखर पाण्याचा तांब्या आणि दोन अनारसे आले! असं तीनदा पडून आणि तीनदा खाऊन निनादच्या पोटात सहा अनारसे गेले, आणि त्याचा वेग आमच्या शेजारच्या आजोबांइतका झाला. तरी स्कोअर दोन-दोन. सासरचे दोन्ही गोल कसे झाले ते विचारू नका. एकाच्या वेळी रुचा माझ्याशी भांडत होती.

शेवटची दोन मिनिटं उरली. निनाद बॉल घेऊन आला, रुचाने अंग झोकून दिलं, दोन्ही हातांनी बॉल उचलला, छातीशी धरला. काय सुंदर! क्षणभर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग निनाद तिच्यावरून अडखळून पालथा पडला, खुर्च्यांकडून मंगल किंचाळली, "अगंबाई, जावई!" आणि शिट्टी वाजली.

"पेनल्टी," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"बाबा, बॉल माझ्या हातात आहे! हा बघा! अजून हातातच आहे!"

"रेफरीशी वाद नको."

"आणि तुम्ही त्या रेफरींना काय काय म्हणायचात ते सांगू का सगळ्यांना?"

तेव्हा मी खिशात हात घातला आणि पत्रिका वर धरली. गणपतीची बाजू तिच्याकडे होती. आत "चि. सौ. कां. रुचा" असं सोनेरी अक्षरात छापलेलं होतं.

"रिव्ह्यू!" रुचा म्हणाली. हरीने सगळं मोबाईलवर शूट केलं होतं. दहा डोकी त्या एका स्क्रीनवर वाकली. अर्ध्या चित्रात हरीचा अंगठा होता, पण उरलेल्या अर्ध्यात सगळं स्वच्छ दिसत होतं. बॉल रुचाच्या हातात. मग निनाद पडतो. आणि कोपऱ्यात मी. निनाद पडायला अजून चांगलं एक पाऊल बाकी असताना माझे गाल फुगलेले!

"बाबा," रुचा हळूच म्हणाली, "तुम्ही आधीच वाजवली."

मी मान वर केली. मंगल डोळे वटारून उभी. विहीणबाई मुलाचा गुडघा चोळत होत्या. पहिला अधिक महिना. "स्पष्ट दिसत नाही," मी म्हणालो. "पेनल्टी कायम."

निनादने मुद्दाम बॉल आंब्याच्या दिशेला मारला. भला माणूस! आणि मी काय करावं? पुन्हा मारायला लावली! कारण सांगितलं, गोलकीपर वेळेआधी पुढे आली. गोलकीपर तेव्हा खाली बसून बुटाची नाडी बांधत होती.

दुसऱ्यांदा रुचाने काहीच केलं नाही. ग्लोव्ह्ज काढले, गोलमधून बाजूला झाली. बॉल गडगडत आत गेला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, निनादच्या आईनेसुद्धा नाही. रुचाने ग्लोव्ह्ज माझ्या हातात दिले. "चहाचं काही नाही हो बाबा, करीन मी. पण मला वाटलं होतं, तुम्ही तरी..." मला फार लाज वाटली. इतकी की अनारसा समोर आला तरी घेतला नाही.

मी आंब्याखाली जाऊन बसलो. हरी शेजारी येऊन टेकला. उरणचा माणूस, बोलणं सरळ.

"भावोजी, तुमी उगाच मनाला लावून घेता. जावय हाय तो. त्याला हरवायचा नाय, रीतच हाय. आमी नाय का एकोणतीस वर्सं..."

आणि त्याने जीभ चावली.

"एकोणतीस वर्षं काय?" मी विचारलं.

"काय नाय."

"दादा, गप्प बस हं!" खुर्च्यांजवळून मंगल ओरडली. तिला इतक्या लांबून ऐकू गेलं, यावरूनच मी काय ते समजलो.

"हरी, कॅरम?"

"आता काय सांगू भावोजी! आमच्या बानं पयल्याच दिवशी सांगितलेला, जावयाला राणी गेली पायजे. एकदा धाकट्यानं चुकून घेतली तर त्याला जेवाय नाय दिला."

मला ते सगळे डाव आठवले. समोरच्यांचे हुकलेले सोपे नेम. मी जिंकल्यावर सासूबाईंनी वाढलेलं जास्तीचं पापलेट. आणि त्या दहा नंबरबद्दलच्या माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. त्याला माहीत नसतं. बिलकुल माहीत नसतं!

रुचाची मी माफी मागितली, सगळ्यांसमोर, कान धरून. ती हसली, पण माझ्या खिशातली पत्रिका काढून घेतली ती परत दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एक फोटो पाठवला. निनाद गॅससमोर उभा, हातात आलं, कपाळावर आठ्या. "त्याने स्वतःहून मॅच सोडली," खाली लिहिलं होतं. "खेळाडू बरा आहे."

मला मात्र चैन पडेना. आपली खरी लायकी काय, हे कळायलाच हवं. त्याच आठवड्यात मी मंगलला घेऊन उरणला गेलो, ओट्यावर कॅरम मांडायला लावला आणि हरीला शपथ घातली, "आज खरं खेळायचं. जावई विसर. मी परका समज."

"बरं," हरी म्हणाला.

आणि काय चुरस झाली! शेवटचा बोर्ड, बरोबरीत. हरीची पाळी. राणी होलच्या तोंडाशी अशी बसलेली, की फुंकर मारली तरी आत जावी. हरीने नेम धरला, डोळा बारीक केला, मारलं, आणि स्ट्रायकर पार उलट्या बाजूच्या होलात गेला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो आभाळाकडे बघत होता. मंगल दारात उभी राहून पदर तोंडाला लावत होती. रिव्ह्यू मागायला हवा होता.

मी राणी घेतली, कव्हर केलं, दोन्ही हात वर केले आणि ओट्याला एक पूर्ण फेरी मारली.